ठासणीच्या बंदुकीची नळी गंजापासून कशी जपावी

नळी धुतली, पुसली, तेलाचा हात फिरवला आणि बंदूक कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून एक पांढरी चिंधी आतून फिरवली, तर ती नारिंगी होऊन बाहेर आली. ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या, बंदुका सांभाळणाऱ्या बहुतेकांनी ही चिंधी कधी ना कधी पाहिलेली असते. नवख्या माणसाला वाटतं, तेल कमी पडलं. मग तो आणखी तेल घालतो, आणि गंज त्या तेलाखाली वाढतच राहतो.

माझ्या हाती आलेली पहिली नळी मी अशीच खराब केली. जळलेल्या दारूचा, म्हणजे बंदुकीच्या बारूदीचा, काळा थर आत तसाच होता आणि मी त्यावरून तेल फिरवलं. महिन्याभराने आत उजेड टाकून पाहिलं तर बुडाकडच्या वीतभर भागात बारीक बारीक खड्डे पडलेले. ती नळी अजून माझ्याकडे आहे आणि खड्डेही आहेत. गेलेलं लोखंड परत येत नाही. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हे जरा सविस्तर लिहितो आहे. लक्षात ठेवायचा क्रम एवढाच: आधी पाणी, मग पूर्ण कोरडं करणं, मग तेल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी. यातलं एक जरी गाळलं तरी बाकीची मेहनत वाया जाते.

सगळ्यात आधी: नळी रिकामी आहे का?

जुनी बंदूक वारशाने मिळाली असो की विकत घेतलेली असो, ती भरलेलीच आहे असं धरून चाला. ठासणीची बंदूक उघडून बघता येत नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी भरून भिंतीला टेकवलेली बंदूक तशीच भरलेली सापडते, आणि काळी दारू कोरडी राहिली असेल तर इतक्या वर्षांनीही पेट घेते.

तपासायची रीत सोपी आहे. नळीचं तोंड आणि स्वतःचं डोकं कधीही एका रेषेत येऊ देऊ नका. घोडा पाडलेला असू द्या, निपलवर (घोड्याखालची पोकळ नळकांडी) टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी धातूची वाटी, नाही किंवा चकमकीच्या बंदुकीत रंजकाच्या, म्हणजे पेटवणीच्या दारूच्या, पेल्यात दारू नाही हे पाहून घ्या. मग एक लाकडी काठी तोंडातून अलगद आत सोडा. ती टेकली की तोंडापाशी तिच्यावर पेन्सिलीने खूण करा. काठी बाहेर काढा आणि खूण तोंडाशी जुळवून नळीच्या बाहेरून लावा. काठीचं टोक बत्तीच्या छिद्रापर्यंत (बुडाशी असलेलं, ठिणगी आत जाण्याचं भोक) किंवा निपलपर्यंत पोचायला हवं. दोन-तीन बोटं अलीकडे थांबलं, तर आत काहीतरी आहे. काही नळ्यांमध्ये बुडाशी अरुंद कोठी असते, त्यामुळे रिकामी असूनही काठी थोडी आधी अडते. पण शंका आली की भरलेली समजा आणि जाणत्या बंदूक-कारागिराकडे न्या. आतला बार, म्हणजे ठासलेली दारू-गोळी, स्वतः खरवडून काढू नका, आणि नळी तापवणं तर अजिबात नको. बंदूक बाळगण्याबद्दल आणि नेण्या-आणण्याबद्दल तुमच्या देशातला कायदा काय म्हणतो तेही याच वेळी विचारून घ्या.

नळीला गंज एवढा का चढतो

काळी दारू म्हणजे ढोबळमानाने ७५ भाग सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ती जळते तेव्हा वजनाने निम्म्याहून जास्त भाग धूर होऊन उडून जात नाही, घनरूपातच उरतो. पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट, थोडं सल्फाइड अशा क्षारांची ती राख असते. यातलं कार्बोनेट हवेतला ओलावा ओढून घेतं. दमट हवेत नळी तशीच ठेवली तर काही तासांत आतला कोरडा भुसा चिकट, ओलसर लेपासारखा होतो. ओलं लोखंड, वर क्षार, आणि भोवती हवा. गंजाला आणखी काही लागत नाही.

टोपीच्या बंदुकांमध्ये आणखी एक भर पडते. जुन्या टोप्यांच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूत पोटॅशियम परक्लोरेट असतं, तिचाही शेवट क्लोराइडमध्येच होतो. क्लोराइड लोखंडाच्या बारीक भेगांत, खड्ड्यांत शिरून बसतं आणि वरून सगळं स्वच्छ दिसत असताना आत पोखरत राहतं. 'पर्यायी दारू आहे, कमी धुतलं तरी चालेल' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तिला उलट जास्त धुवावं लागतं.

आता मुद्दा असा की हे सगळे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. तेलाने काजळी निघते, चिंधी काळी होते आणि आपल्याला समाधान वाटतं. क्षार मात्र जागेवरच राहतात, वरून तेलाचं पांघरूण घेऊन.

एक समज इथेच खोडून काढतो. बिडाचा तवा वापरून वापरून मुरतो तशी नळीही मुरते, मग तिला गंज धरत नाही, असं जुनी माणसं सांगतात. तव्यावर तेलाचा थर तापून घट्ट बसतो. नळीत असं काही होत नाही. तिथे जमलेला तपकिरी-काळा थर म्हणजे दारूची राख आणि चरबी यांचं मिश्रण, आणि त्याखाली गंज.

धुणं

बार उडवले त्याच दिवशी नळी धुवा. 'उद्या करू' म्हणजे दमट दिवसांत गंजाला एक आख्खी रात्र देणं.

चाप-घोड्याची पेटी पेच सोडवून आधी बाजूला काढून ठेवा, तिला पाण्यापासून लांब ठेवायचं. टोपीची बंदूक असेल तर निपल पान्याने सोडवा आणि वाटीत पाण्यात टाका. नळी दस्त्यापासून सहज सुटते का, हे बंदुकीवर अवलंबून आहे. काहींमध्ये बुडाशी आकडा असतो आणि नळी उचलून निघते. १८५३ च्या एन्फील्डसारख्या फौजी बंदुकांमध्ये नळी तीन पट्ट्यांनी बांधलेली असते, ते पट्टे आणि बुडाचा पेच सोडवले की झालं. पण नळी बारीक खिळ्यांनी दस्त्याला अडकवलेली असेल तर नवख्याने ती काढू नये. ते खिळे ठोकताना दस्त्याच्या लाकडाचे कपचे उडतात. बुडाचा मोठा आट्यांचा बूच तर कधीच उघडायचा नाही, तो उघडणं आणि पुन्हा नेमका बसवणं हे कारागिराचं काम.

नळी सुटली असेल तर बूड बादलीतल्या कोमट पाण्यात बुडवा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. सफाईच्या गजाला नळीत घट्ट बसेल अशी सुती चिंधी लावा आणि पंपासारखी खालीवर करा. वर ओढताना बत्तीच्या छिद्रातून पाणी आत येतं, खाली ढकलताना फुर्रकन बाहेर पडतं. पहिल्या आठ-दहा ओढींत बादलीतलं पाणी शाईसारखं काळं होतं आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. तो सल्फाइडचा वास. तो वास येतो आहे तोवर धुणं झालेलं नाही. पाणी बदला. पुन्हा करा. साबणाचं पाणी झाल्यावर शेवटचं पाणी नुसतं स्वच्छ असावं.

नळी दस्त्यावरच असेल तर बत्तीच्या छिद्रात लाकडी काडी खुपसा, तोंडातून अर्धी नळी पाणी भरा, तोंड अंगठ्याने दाबून हलवा आणि ओतून टाका. चार-पाच वेळा तरी. दस्ता आणि नळीच्या फटीत पाणी उतरू नये म्हणून बुडाभोवती फडकं गुंडाळा आणि ओतताना नळीचं तोंड खाली धरा.

बुडाशी अरुंद कोठी असलेल्या नळीत नेहमीची चिंधी तळापर्यंत पोचतच नाही. राख नेमकी तिथेच साचते. त्यासाठी लहान मापाचा ब्रश वेगळा ठेवा, त्यावर चिंधीचा तुकडा गुंडाळून कोठीत फिरवा. माझ्या पहिल्या नळीचे खड्डेही कोठीच्या तोंडाशीच सगळ्यात खोल आहेत.

पाणी उकळतं घ्यावं की कोमट, यावर हौशी लोकांत कायम वाद चालतो. उकळत्या पाण्याने नळी तापते आणि उरलेलं पाणी आपोआप उडून जातं, हा त्याचा फायदा. पण तापलेलं, तेल धुऊन गेलेलं उघडं लोखंड त्या वाफेत बघता बघता तांबूस होतं. आतल्या भिंतीवर गंजाची पातळ साय धरते. मी कोमटच वापरतो आणि कोरडं करायला जास्त वेळ देतो.

गज वापरताना नळीच्या तोंडाला जपा. तोंडाची कड आणि आतल्या खाचांची (गोळीला फिरकी देणाऱ्या) सुरुवात घासली गेली की नेम बिघडतो. पितळी किंवा चांगल्या लाकडाचा गज घ्या, आणि मिळाली तर तोंडावर बसणारी पितळी चकती वापरा, म्हणजे गज मधोमध राहतो.

कोरडं करणं

इथेच सगळ्यात जास्त घाई होते. दोन चिंध्या फिरवल्या की हाताला कोरडं लागतं, पण खाचांच्या कोपऱ्यांत आणि कोठीत पाणी असतं. कोरड्या चिंध्या एकामागून एक घाला. एक चिंधी दोनदा वापरू नका. चिंधी आत गेली तशीच बाहेर येईपर्यंत, साधारण सहा-सात लागतात. मग एक चिंधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून फिरवा. ते पाण्यात मिसळतं आणि पाण्याला सोबत घेऊन उडून जातं. ते पेट घेतं, त्यामुळे जवळ ज्योत, सिगरेट, दारूचा डबा काहीही नको. शेवटी तोंडाकडून हवेचा झोत मारा आणि बत्तीच्या छिद्रापुढे कागदाचा कपटा धरा. त्यावर ओल उमटली तर अजून पाणी आहे. नळीत तोंडाने फुंकू नका. आपल्या श्वासातच ओलावा असतो, आणि कोणत्याही बंदुकीच्या तोंडाला तोंड लावायची सवय नको.

तेल

हलकं खनिज तेल घ्या, बंदुकीसाठी मिळणारं कुठलंही चालेल. जवस किंवा इतर वनस्पती तेलं नळीत नकोत; ती हवेने घट्ट होऊन चिकट कातडं धरतात. डब्ल्यूडी-४० बऱ्याच जणांच्या घरी असतं. त्याच्या नावातच पाणी हटवणं आहे आणि त्या कामाला ते चांगलं, पण महिनोन्‌महिने रक्षण करणारा थर ते देत नाही. ते वापरलं तर पुसून वर खरं तेल लावा. चरबी आणि मेणाचं मिश्रण लावणारेही आहेत. चालतं, मात्र चरबी बिनमिठाची हवी.

तेल ओतायचं नाही. चिंधी तेलात भिजवून पिळा आणि दोनदा फिरवा, भिंतीवर ओलसर चकाकी दिसली की पुरे. जास्तीचं तेल बुडाकडे उतरतं, बत्तीच्या छिद्रातून दस्त्याच्या लाकडात मुरतं, आणि लाकूड काळं पडून मऊ होतं. जुन्या बंदुकांच्या दस्त्यावर चापाच्या पेटीभोवती जो काळपट, भुसभुशीत भाग दिसतो तो बहुतेक वेळा असाच झालेला असतो. म्हणून तेल लावल्यावर पहिले एक-दोन दिवस नळी तोंड खाली करून, खाली फडकं ठेवून उभी करा.

दुसऱ्या दिवशीची चिंधी

दुसऱ्या दिवशी कोरडी पांढरी चिंधी फिरवा. तिच्याकडे उजेडात नीट बघा. फिकट करडी किंवा पिवळसर असेल तर ते तेल आणि उरलेली काजळी, घाबरायचं कारण नाही. काळे ठिपके म्हणजे राख राहिली आहे. नारिंगी रेघा म्हणजे गंज सुरू झाला. या रेघा चिंधीच्या एकाच बाजूला येत असतील तर नळीत त्या बाजूला पाणी साचून राहिलं होतं. काळं किंवा नारिंगी दिसलं तर नुसतं तेल नको. पुन्हा पाणी, पुन्हा कोरडं, पुन्हा तेल. मग आठवड्याने एकदा, आणि सगळं ठीक असेल तर महिन्याने एकदा. पावसाळी, दमट दिवसांत मी पंधरवड्यावर येतो.

आधीच गंजलेली नळी

जुनी नळी हाती आली की पहिला मोह होतो तो घासून चकचकीत करण्याचा. तो आवरा. लोखंडावरचा सगळाच रंग वाईट नसतो. बोटाला लागणारा, पिठासारखा नारिंगी गंज जिवंत असतो, तो थांबवायला हवा. गडद तपकिरी किंवा काळसर, घट्ट, गुळगुळीत थर मात्र शांत झालेला असतो आणि तो खालच्या लोखंडाला काही प्रमाणात सांभाळतो. कित्येक नळ्यांना तर कारखान्यातच मुद्दाम, हळूहळू गंजवून तपकिरी रंग दिलेला असे. एन्फील्डच्या नळ्या निळसर-काळ्या केलेल्या असत, तर १८६१ च्या अमेरिकन स्प्रिंगफील्डची नळी उघडी, पांढऱ्या लोखंडाचीच असे. आपल्या बंदुकीचा मूळ रंग कोणता होता हे कळेपर्यंत हात लावू नका.

जिवंत गंजासाठी हलकं तेल लावून दोन-तीन दिवस मुरू द्या. मग कांस्याचा लोकर-गोळा किंवा अगदी बारीक, चार शून्यांची स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने, नळीच्या लांबीच्या दिशेने फिरवा. अडेल तिथे तांब्याच्या किंवा हाडाच्या पट्टीने गंजाचा पापुद्रा उचला, ती लोखंडापेक्षा मऊ असते. तेलात तांबडा गाळ येईल तो पुसून घ्या. तीन-चार वेळा केल्यावर नारिंगी जाऊन तपकिरी उरलं की थांबा. कारखान्याचे शिक्के, आकडे, कोरीव नक्षी यांच्या जवळ तर आणखी हलका हात. एकदा पुसला गेलेला शिक्का म्हणजे बंदुकीची ओळखच पुसली.

सँडपेपर, यंत्रावरचा तारेचा ब्रश, व्हिनेगर, लिंबू, फॉस्फोरिक आम्लाचे गंज काढणारे द्रव यांतलं काहीही वापरू नका. लोखंडाच्या पट्ट्या पिळून, ठोकून बनवलेल्या नळ्यांवर आम्ल असमान चढतं, आणि जोडाच्या बारीक फटींत राहिलेलं आम्ल पुढे वर्षभर खात राहतं.

आतून खोल खड्डे दिसत असतील तर ती नळी जपून ठेवायची वस्तू समजा. कारागिराने तपासून हो म्हटल्याशिवाय तिच्यातून बार उडवायचा नाही. खड्ड्यांमुळे भिंत पातळ होते आणि त्यात विझत आलेली ठिणगीही दडून राहू शकते. बिनधुराची आधुनिक दारू तर अशा कोणत्याही नळीत कधीच घालू नये.

बाहेरची बाजू आणि ठेवण्याची जागा

बोटांच्या घामात मीठ असतं. उघड्या लोखंडावर उमटलेला अंगठा काही दिवसांत गंजाच्या रेषांनी जसाच्या तसा दिसू लागतो. सुती किंवा नायट्राइलचे हातमोजे घाला, नाहीतर हाताळून झाल्यावर तेलाचं फडकं फिरवा. फक्त मांडून ठेवायच्या बंदुकीला बाहेरून तेलाऐवजी मायक्रोक्रिस्टलाइन मेण चांगलं, कारण ते धूळ धरत नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये १९५०च्या दशकात तयार झालेलं रेनेसान्स वॅक्स हे त्यातलं ओळखीचं. बोटाच्या टोकावर येईल एवढंच घ्या, पातळ पसरा, थोडं सुकू द्या आणि मऊ कापडाने चमकवा. नळीची दस्त्यात बसणारी खालची बाजू कुणाच्या लक्षात येत नाही. नळी काढता येत असेल तर वर्षातून एकदा ती बाजूही पाहा. वरून देखणी नळी खालून पोखरलेली मी पाहिली आहे.

चामड्याच्या म्यानात किंवा फोमच्या पेटीत बंदूक कायमची ठेवू नका. दोन्ही ओलावा धरून ठेवतात, आणि चामड्यात कमावतानाचे क्षार आणि आम्लं असतात. नळीच्या तोंडात बूच ठोकणंही टाळा, आतला दमटपणा आतच कोंडतो. हवेची आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास आणि शक्यतो स्थिर ठेवा. फार कोरडं केलं तर दस्त्याला तडे जातात. कपाटात साधं आर्द्रतामापक आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पुड्या ओलावा पिऊन भरतात, त्या वेळच्या वेळी सुकवाव्या लागतात. न सुकवलेली पुडी म्हणजे नुसती पुडी. थंड गाडीतून किंवा थंड बाहेरून बंदूक उबदार खोलीत आणली तर ती पेटीतच राहू द्या, खोलीइतकी उबदार झाल्यावर उघडा. लगेच उघडली तर थंड नळीवर आतून-बाहेरून दव धरतं.

पुन्हा मैदानावर नेण्याआधी

इतकं जपून लावलेलं तेल बार भरण्याआधी काढावं लागतं. तेलाने दारू ओली होते, आणि बत्तीच्या छिद्रात तेल असेल तर टोपी फुटूनही बार उडत नाही. आधी कोरड्या चिंध्या, मग अल्कोहोलची एक, मग पुन्हा कोरडी. कोठीत आणि निपलमध्ये लहान ब्रश फिरवा. मैदानावर, गोळीबाराच्या रेषेवर उभं राहून, नळी रिकामी असताना निपलवर नुसती टोपी बसवा आणि तोंड सुरक्षित दिशेला, जमिनीवरच्या एखाद्या गवताच्या पात्याजवळ धरून ती फोडा. पातं हललं तर वाट मोकळी आहे. नाही हललं तर निपल काढा आणि तारेने साफ करून पुन्हा बघा.